सू को ‘एन्जॉय’ म्हणेनात

“राग आला की आधी हात जोड आणि मग बोल. जोडलेल्या हातांनी कुणाकडे बोट दाखवता येत नाही.”

मी पंचशील घेतलं त्या दिवशी सू बांनी मला हे सांगितलं होतं. सू बा म्हणजे आमच्या टेकडीवरच्या विहारातल्या थोरल्या भिक्खुणी. त्यांचं सांगणं मी घरात पाळलं, बाजारात पाळलं, सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात तर फारच पाळलं. शाळेत मात्र पाळता आलं नाही. हुए शहरातल्या सरकारी शाळेत मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, आणि फळ्याकडे बोट न दाखवता इंग्रजी कसं शिकवायचं हे मला अजून समजलेलं नाही. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, चला, आता हात कायमचे जोडलेलेच राहतील. पहाटेचा पाठ, देव्हाऱ्यापुढे उदबत्ती, यजमानांच्या तसबिरीपुढे चहाचा पेला, शाकाहार आणि गोड बोलणं. आणखी काय हवं?

मग सू बांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, “होआई, आमच्या लिएन तामला इंग्रजी शिकव.”

सू को लिएन ताम ही विहारातली तरुण भिक्खुणी; तरुण भिक्खुणींना आम्ही सू को म्हणतो. लहानपणापासून तिथेच वाढलेली. पाठांतर असं की मोठमोठी सूत्रं एकदा ऐकली की तोंडपाठ. श्रीलंकेतल्या भिक्खुणींच्या एका महाविद्यालयात पाली शिकायला तिची निवड होऊ घातली होती. आधी एक लेखी पेपर, मग संगणकाच्या पडद्यावर मुलाखत, आणि दोन्ही इंग्रजीत. वयाची अट अशी होती की ह्या वर्षी नाही जमलं तर पुढे कधीच नाही. आमच्या विहारात मूळ पाली वाचू शकणारं कुणीच नाही. आपण डोळे मिटायच्या आत एक तरी तयार व्हावी, एवढीच सू बांची इच्छा.

“बाकीचं इंग्रजी तिला येतं,” सू बा म्हणाल्या. “फक्त दोन क्रियापदं शेजारी आली की गडबडते.”

मला हसू आलं. दोन क्रियापदं शेजारी आली की आमच्याकडे कोण गडबडत नाही? आमच्या व्हिएतनामी भाषेत क्रियापदं एका बाकावर बसलेल्या बायकांसारखी असतात. ‘आवडणे’ बसली आहे, तिच्या शेजारी ‘खाणे’ येऊन बसते, कुणी कुणाला सरकायला सांगत नाही, कुणी पदर सावरत नाही. इंग्रजीत मात्र पहिलीचा मान राखायचा म्हणून दुसरीला रूप बदलावं लागतं. ‘एन्जॉय’च्या शेजारी बसायचं तर शेवटी ‘इंग’ लावून यायचं, ‘वॉन्ट’च्या शेजारी बसायचं तर आधी ‘टू’ला पुढे पाठवायचं. का? मुलं दर वर्षी विचारायची, “का हो बाई?” मी दर वर्षी सांगायची, “कारण तसंच आहे.” एवढ्या वर्षांत मला दुसरं उत्तर सापडलं नाही, आणि ज्यांची ती भाषा आहे त्यांनाही सापडलं असेल असं वाटत नाही.

पहिल्या दिवशी बसण्यापासूनच अडचण. विहाराच्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत एकच खुर्ची होती. सू कोंनी ती माझ्यापुढे सरकवली.

“बाई, बसा.”

“छे छे, सू को, तुम्ही बसा. तुमच्यापेक्षा उंच कशी बसू मी?”

“पण तुम्ही गुरू.”

“पण तुम्ही चीवरधारी.”

असं बराच वेळ चाललं. शेवटी फळा खुर्चीवर बसला आणि आम्ही दोघी खाली चटईवर. बोलण्याचंही तेच. भिक्खुणीशी बोलताना आम्ही स्वतःला लेकरू म्हणतो, आणि बाईंशी बोलताना विद्यार्थीही स्वतःला लेकरूच म्हणतो. ती म्हणे, “लेकराला समजलं नाही, बाई.” मी म्हणे, “लेकरू पुन्हा सांगतं, सू को.” त्या खोलीत मोठं माणूस म्हणून कुणी उरलंच नव्हतं.

मी तिला दोन याद्या दिल्या. एक ‘इंग’वाली, एक ‘टू’वाली. दुसऱ्या दिवशी गेले तर ओसरीवर टक्, टक्, टक् असा लाकडी माशाचा ठेका चाललेला. पाठ म्हणताना वाजवतात तो मासा. आणि त्या ठेक्यावर सू को डोळे मिटून म्हणत होत्या, “ॲडमिट, अव्हॉइड, कन्सिडर, डिले, डिनाय, एन्जॉय, फिनिश...”

अक्षर चुकलं नाही. दोन्ही याद्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत. माझा जीव सुखावला. मी विचारलं, “आता सांगा, ‘सजेस्ट’ कुठल्या यादीतलं?”

सू कोंनी डोळे मिटले. टक्. “ॲडमिट, अव्हॉइड, कन्सिडर...”

“नाही, नाही. सुरुवातीपासून नको. नुसतं ‘सजेस्ट’.”

“मधूनच कसं म्हणू, बाई? सूत्र मधून उचलत नाहीत.”

“हे सूत्र नाहीये, सू को!”

“पाठ केलं की ते सूत्रच होतं,” ती शांतपणे म्हणाली आणि पुन्हा ‘ॲडमिट’पासून निघाली. ‘सजेस्ट’पर्यंत पोचली तेव्हा आतून भाताचा वास यायला लागला होता.

मी हात जोडले.

लेखी पेपरपुरतं हे चाललं असतं. पेपरात वेळ असतो, मनातल्या मनात मासा वाजवता येतो. पण मुलाखतीत समोरचं माणूस विचारणार, “तुम्हाला काय करायला आवडतं?” आणि ही ‘ॲडमिट’पासून निघणार. म्हणून मी म्हटलं, आता वाक्यं. पुस्तकातलं पहिलंच वाक्य घेतलं.

“म्हणा, सू को. आय एन्जॉय डान्सिंग.”

ती फळ्याकडे बघत राहिली.

“आय. एन्जॉय. डान्सिंग.”

“पण बाई, मी नाचत नाही.”

“नाचत नाही हो. हे नुसतं उदाहरण आहे.”

“नाचणं आम्हाला वर्ज्य आहे.”

“ठाऊक आहे मला. बरं, ते सोडा. आय एन्जॉय स्विमिंग.”

“मी पोहत नाही.”

“आय लव्ह ईटिंग आईस्क्रीम.”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळले. म्हणाली, “बाई, मी खोटं न बोलण्याचं शील घेतलंय. ‘मी’ म्हणून जे वाक्य म्हणायचं ते खरं नको का?”

दाराच्या चौकटीला टेकून थोममावशी भाजी निवडत होत्या. विहाराचं स्वयंपाकघर त्यांच्या हातात, आणि दुसऱ्याचं बोलणंही त्या आपल्याच चुलीवरचं समजतात. त्या म्हणाल्या, “होआईबाई, तुमची ही इंग्रजी म्हणजे नुसती खाऊ, नाचू, पोहूचीच भाषा दिसते. ह्या लोकांना झाडलोट वगैरे असते की नाही?”

“असते, मावशी.”

“मग पुस्तकात का नाही? की झाडणारे वेगळे आणि पुस्तक लिहिणारे वेगळे?”

मी पुस्तक उघडून पाहिलं तर खरोखरच तसं होतं. एन्जॉय, लव्ह, फॅन्सी, वॉन्ट, होप, क्रेव्ह. सगळ्या तृष्णा ओळीनं मांडून ठेवल्यासारख्या. एवढी वर्षं मी ही यादी शिकवली, आणि हे कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. लक्षात आलं त्याचाही राग आला. परीक्षा तोंडावर, आणि मी बसले आहे तृष्णांची यादी तपासत.

मी ‘ही’ आणि ‘शी’ वापरून पाहिलं. “म्हणा, शी एन्जॉइज सिंगिंग.”

“ही कोण, बाई?”

“कुणीतरी.”

“तिला खरंच आवडतं का?”

“असेल आवडत!”

“माहीत नसताना कसं म्हणू?”

त्या दिवशी मी घरी जाताना सायकल हातात धरून पूर्ण उतार चालत उतरले, कारण बसले असते तर रागानं ब्रेक लावायचं विसरले असते.

आठवडाभर असंच. एकदा तिनं स्वतःहून एक वाक्य केलं तेव्हा मी आनंदानं पुढे सरकले. वाक्य होतं, “आय फिनिश टू स्वीप.” फरशी झाडून आलेली होती, वाक्य सोळा आणे खरं होतं आणि इंग्रजी चुकलेलं. मी म्हटलं, “फिनिश स्वीपिंग.” तिनं हात जोडून मान लववली. पुढच्या वाक्याला पुन्हा “फिनिश टू”. चूक दाखवली की ती इतक्या नम्रपणे वाकायची की ती चूक पुन्हा दाखवायची म्हणजे पापच वाटायचं. शाळेत पोरं वाद घालायची, तोंड वेंगाडायची, मागच्या बाकावरून माझी नक्कल करायची, पण शिकायची. नम्र विद्यार्थ्याइतकं अवघड काही नाही.

शेवटी मी पुस्तक पिशवीत टाकलं आणि म्हटलं, “सू को, आता फक्त खरी वाक्यं. एकही खोटं नाही. तुमचा दिवस सांगा.”

तिचा चेहरा खुलला. “आय अव्हॉइड ईटिंग आफ्टर नून.”

“शाबास!”

“आय कीप चान्टिंग. आय प्रॅक्टिस सिटिंग.”

“वा! आणि पहाटे उठणं? ‘डोन्ट माइंड’ लावून म्हणा. आय डोन्ट माइंड गेटिंग अप अर्ली.”

ती थांबली. दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “आय माइंड गेटिंग अप अर्ली.”

थोममावशींना इंग्रजी येत नव्हतं, पण माझं हसणं ऐकून त्या धावत आल्या. “काय झालं? काय म्हणाली पोरगी?”

“म्हणते, पहाटे उठायचा कंटाळा येतो.”

“अगंबाई! एवढी वर्षं उठते आणि आज सांगते? ते पण परक्या भाषेत?”

सू को लाल झाल्या. मला मात्र पहिल्यांदाच वाटलं, जमतंय. दोन-तीन दिवसांत ‘इंग’ची पूर्ण यादी खऱ्या वाक्यांनी भरली. लाकडी माशाची गरज उरली नाही. विचारलं की उत्तर यायचं, कारण आता शब्द यादीत राहत नव्हता, तिच्या दिवसात राहत होता.

पण ‘टू’ची यादी अडली. ‘डिसाइड’ झालं: सू बा डिसायडेड टू सेंड मी. ‘ॲग्री’ झालं: आय ॲग्रीड टू गो. ‘रिफ्यूज’ला म्हणाली, “मी कधी नकार दिलेला नाही, बाई.” ठीक, ते सोडलं. ‘वॉन्ट’पाशी आलो आणि गाडी रुतली.

“आय वॉन्ट टू... पुढे?”

गप्प.

“मुलाखतीत पहिला प्रश्न हाच येणार. तुम्हाला इथे का शिकायचंय? म्हणा, आय वॉन्ट टू स्टडी पाली.”

गप्प.

“का, खरं नाही का ते?”

“अर्धं खरं आहे,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मुलाखत पुढच्या आठवड्यावर आलेली. माझा संयम म्हणजे फार काही मोठी वस्तू नव्हती, आणि जी होती ती संपली. हात जोडलेलेच होते, पण बोलणं जोडलेल्या हातांतूनही सुटलं.

“सू को! ज्याला काहीच नको असतं त्यानं श्रीलंकेला जायचंच कशाला? इथंच बसावं! सू बांचं वय काय, त्या तुमच्यावर डोळे लावून बसल्यात, मी रोज ऊन डोक्यावर घेऊन ही टेकडी चढते, आणि तुम्हाला एक वाक्य म्हणवत नाही? पाच शब्द! तुमच्या शीलाचं कौतुक करू की परीक्षेची वाट लागताना बघत बसू?”

आतल्या खोलीत काहीतरी खाली पडलं. थोममावशींच्या हातातला झारा असावा. विहारात भिक्खुणीवर आवाज चढवलेला त्यांनी कधी ऐकला नसेल. मीही कधी ऐकला नव्हता. मी लगेच चटईवर डोकं टेकलं. “लेकरू चुकलं, सू को.”

“उठा, बाई.” तिचा आवाज अगदी खाली गेला होता. “चुकलं नाही. बरोबरच विचारलंत.”

मग ती व्हिएतनामीत बोलली, अडखळत, जणू हीच परकी भाषा.

“माझे बा ताम यांगच्या खाडीवर असतात. आई गेल्यावर त्यांनी मला इथे आणून ठेवलं. मासेमारी सुटली, गुडघे गेले. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सू बा मला त्यांच्याकडे पाठवतात. बा फार बोलत नाहीत. ते चिनी बुद्धिबळाचा पट काढतात. आम्ही खेळतो. ते जिंकतात. मग मी परत येते.”

“बस?”

“बस. ते एवढ्यासाठी महिनाभर थांबतात. गावात त्यांच्याशी कुणी खेळत नाही, कारण हरले की ते भांडतात. जिंकले तरी भांडतात.” ती किंचित हसली. “मला पाली शिकायची आहे, बाई. खूप शिकायची आहे. पण त्यांनी मला विचारलं, ‘तुला इथून जायचंय का?’ तर मी ‘हो’ म्हणू शकत नाही आणि ‘नाही’ही म्हणू शकत नाही. चार वर्षं तो पट कोण मांडणार? म्हणून पुढचा शब्द येत नाही. भिक्खुणीला अशी ओढ नसावी, हे मला ठाऊक आहे. सू बांना सांगायची लाज वाटते.”

मी रागात होते, आणि आता राग ठेवायला जागा नव्हती. मला वाटतं, त्या वैतागातच मी म्हणून गेले, “अहो मग मी जाईन की! पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ना? मी जाईन. बसेन त्यांच्यासमोर. त्यात एवढं काय!”

तिनं मान वर केली. “नुसतं मला बरं वाटावं म्हणून बोलू नका, बाई. तुम्ही व्रत पाळणाऱ्या आहात. बोललात की ते व्रतच होईल.”

आत सगळं शांत होतं. थोममावशी कान देऊन बसल्या असणार.

“झालं तर झालं व्रत,” मी म्हटलं. “मला खेळता मात्र येत नाही.”

“मलाही येत नाही,” सू को म्हणाल्या. “म्हणून तर ते खूष असतात. मी मुद्दाम हरत नाही. मुद्दाम हरणं खोटेपणा झाला असता.”

मग आमचे धडे उलटे झाले. अर्धा तास मी तिला, अर्धा तास ती मला. घोडा असा जातो, पण पुढ्यातच कुणी उभं असेल तर पाय अडतो. हत्ती पटाच्या मधली नदी ओलांडत नाही. तोफेला मारायचं तर मधे कुणीतरी हवं. “का?” मी विचारलं. “मधे कुणी नसताना तोफ का मारत नाही?”

“तसंच आहे, बाई,” ती म्हणाली.

थोममावशी चौकटीत उभ्या राहून हसायच्या. “आता कळलं का होआईबाई, पोरांचं काय व्हायचं ते?”

एकदा त्यांनी मला आडबाजूला घेऊन विचारलं, “तुम्ही शाकाहारी. त्या म्हाताऱ्याकडे सुकी मासळी दारातच टांगलेली असते. वास सोसवेल?”

“सोसेन.”

“आणि तो शिव्या देतो.”

“मला?”

“घोड्याला. पण घोडा तुमचा असला की कुणाला, ते तुम्हीच ठरवा.”

मुलाखतीच्या दिवशी सू बांच्या खोलीत संगणक ठेवला. लेखी पेपर आधीच झाला होता. त्यात सू को आरामात पास झाल्या होत्या. सू बा एका बाजूला माळ घेऊन बसल्या. मी दाराबाहेर, थोममावशी माझ्या पलीकडे. पडद्यावर श्रीलंकेच्या एक वयस्कर भिक्खुणी आल्या, मोठा चष्मा, आवाज खणखणीत.

त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “व्हॉट डू यू एन्जॉय डूइंग?”

सू को म्हणाल्या, “आय एन्जॉय टू स्वीप.”

मी डोळे मिटले. एन्जॉय! पहिल्याच वाक्यात! इतके दिवस, इतकी वाक्यं! माझी बोटं एकमेकांत अशी घट्ट अडकली की थोममावशींनी ती सोडवली. “चुकली का?” त्या कानाशी पुटपुटल्या.

“चुकली.”

“खरं बोलली का?”

“खरं बोलली.”

“मग बसा गप.”

पडद्यावरच्या बाईंनी ती चूक ऐकली की नाही कळलं नाही. त्यांनी विचारलं, “स्वीपिंग? का बरं?” सू को सांगायला लागल्या. पहाट, पाईनची पानं, झाडून झालेलं अंगण पुन्हा भरतं तेव्हा कसं वाटतं ते. तिथे मात्र एकही क्रियापद चुकलं नाही. मग तो प्रश्न आला. “तुम्हाला आमच्याकडे यायची इच्छा आहे का?”

सू बांची माळ थांबली. सू कोंचा चेहरा मला दिसत नव्हता, पण मला वाटलं सू को आता डोळे मिटतील आणि यादी सुरू करतील.

“आय वॉन्ट टू लर्न पाली,” त्या म्हणाल्या. “आय ऑल्सो वॉन्ट टू सिट विथ माय फादर. ही इज ओल्ड. आय कॅनॉट हॅव बोथ. सो आय डिसायडेड टू कम.”

पलीकडच्या बाईंनी चष्मा काढला. त्या सिंहलीत काहीतरी पुटपुटल्या, मग इंग्रजीत म्हणाल्या, “इथे येणारी प्रत्येक जण मला सांगते की तिला फक्त पालीच हवी आहे. त्यांतल्या निम्म्या वर्षभरात घरी पळतात.” पुढे अजून प्रश्न झाले, पण मी नीट ऐकले नाहीत. माझं लक्ष सू बांकडे होतं. त्यांची माळ अजून थांबलेलीच होती. त्यांना इंग्रजी येत नाही. पण ‘फादर’ हा शब्द त्यांनाही कळला असावा.

मुलाखत संपल्यावर सू बा एवढंच म्हणाल्या, “लिएन ताम, मला सांगितलं असतंस तर मी काय तुला चाबकानं मारलं असतं?” आणि उठून आत गेल्या. चिडलेल्या होत्या. त्यांच्यासारख्या माणसाला चिडलेलं पाहून मला मनातून बरं वाटलं, हे लिहायला हरकत नाही.

निवड झाल्याचं पत्र आलं. सू को विमानानं गेल्या. निघताना त्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि मी त्यांना. दोघीही वाकलो आणि कुणी आधी उठायचं हे ठरेना, शेवटी थोममावशींनी दोघींच्या दंडांना धरून उठवलं. “विमान काय तुमच्या नमस्कारासाठी थांबणार आहे का?”

त्यानंतरची पौर्णिमा विहारात झाली. मी पहाटेपासून रात्रीपर्यंत तिथेच होते. घरी येऊन पट काढून बसले. घोडा पुन्हा अडला. वैतागून सोंगट्या डब्यात भरल्या.

सकाळी पाठ केला. यजमानांच्या तसबिरीपुढे चहा ठेवला. पिशवीत दुधी, थोममावशींनी दिलेलं सोयाबीनचं लोणचं, आणि सू कोंच्या बांना, त्रुकदादांना, आवडते म्हणून गावातल्या दुकानातून आणलेली सुकी बोंबलासारखी मासळी, तीन कागदांत गुंडाळून. दुकानदारीण मला ओळखते. ती म्हणाली, “बाई, तुम्ही आणि मासळी?” मी म्हटलं, “एकासाठी.” ती डोळे मोठे करून बघत राहिली. आता गावभर काय पसरेल, देव जाणे.

खाडीकडे जाणारी पहिली बस अजून रिकामीच होती. मी खिडकीशी बसले, पिशवी मांडीवर घेतली, आणि मासळीचा वास नाकात शिरू नये म्हणून काच थोडी खाली केली. चालकानं विचारलं, “कुठे, बाई?”

“शेवटच्या थांब्याला,” मी म्हटलं. बस निघाली.